थंडगार चेंडू

प्रिय एलादियोदादा,

तब्येत ठणठणीत, जेवण वेळेवर. आईजवळ, बाराओनाला बदली मात्र माझी नाही, नेरेइदाची झाली.

जागा एकच होती; आम्ही दोघी कॉलेजात पहिल्या वर्षाला संभाव्यता शिकवतो, म्हणून न भांडता सोडत काढली. पिशवीत दोघींच्या नावांचे दोन चेंडू, शक्यता निम्मी-निम्मी. साहेबांनी डोळे मिटून तिचा काढला. अभिनंदन करताना मी तो हातात घेतला, तर बर्फासारखा गार! साहेबांच्या हाताला ओळखू यावा म्हणून गारठवलेला.

"नशीब गं, दुसरं काय!" नेरेइदा म्हणाली.

"नशीब फ्रीजमध्ये ठेवतेस होय?"

साहेब रुमालाने ओला हात पुसत राहिले.

आईचा खोकला कसा आहे? तिला 'नंबर लागला नाही' एवढंच सांग. वर्षानुवर्षं माझ्या ताटात जेवलेल्या नेरेइदाने तिला नमस्कार सांगितलाय. तो पोचवू नकोस.

तुझी धाकटी,
योकास्ता