पाळकीणबाईंची साक्ष

पप्पा, परवा मी वस्तीवर जाऊन आले. भुसावळबाहेरची, तापीकाठची तुमची वस्ती, जिथे तुम्ही दर शनिवारी सायकलवरून महारोग्यांच्या जखमा धुवायला जायचात. आता तिथे पक्की घरं आहेत, दारात नळ आहेत. प्रार्थनेच्या खोलीत तुमचा फोटो लावायचा होता. चर्चच्या पाळकसाहेबांच्या लेकीनं येऊन साक्ष द्यावी, असा फोन आला. देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, याला आपल्या ख्रिस्ती लोकांत साक्ष म्हणतात. आपल्या घरात या शब्दानं एक माणूस मेलं, हे फोनवर कसं सांगणार? येते म्हणाले.

मम्मीची साक्ष मला अजून पाठ आहे. रेल्वे कॉलनीच्या मैदानावर मांडव घातला होता, बाहेरगावचा उपदेशक आला होता. त्यानं मम्मीच्या कपाळाला तेल लावलं आणि ती रडत खाली बसली. दुसऱ्या दिवशी माईकसमोर उभी राहून तिनं सांगितलं, "माझी साखर गेली. प्रभूनं मला बरं केलं." मांडव टाळ्यांनी भरून गेला. तुम्ही पहिल्या रांगेत डोळे पुसत होतात. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच हलकं वाटत होतं. तपासणी मात्र कुणी केली नव्हती, आणि करावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. तपासणं म्हणजे देवावर संशय घेणं.

लोकांना तुमच्याबद्दल सांगताना मी नेहमी एका जागी अडते. त्यांना वाटतं, तुम्ही तिचं औषध फेकून दिलं असेल. तुम्ही तसे नव्हतात. तुम्ही आवाज चढवणारे नव्हतात. ती फ्रिजच्या दारातून इंजेक्शनची बाटली काढते आहे, तुम्ही चहा पीत बसला आहात, आणि अगदी मायेनं विचारता, "अजून लागतं का गं?" एवढंच. तिनं बाटली परत ठेवली. पुढे कधीतरी ती बाटली तिथून गेली आणि तिच्या जागी लोणच्याची बरणी आली. पप्पा, तुम्ही ओरडला असतात तर ती भांडली असती. त्या प्रश्नाशी भांडायचं कसं?

नंतर तर प्रश्न विचारायचीही गरज राहिली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीतल्या बायका तिच्याभोवती जमायच्या, आपल्या आजारी पोरांना तिच्या पदराला लावायच्या. ती चक्कर येऊन दोनदा खुर्चीला धरून उभी राहिली, तेव्हा एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "पाळकीणबाईंनाच औषध लागायला लागलं, तर आम्ही कुणाकडं बघायचं गं?" मी घरी येऊन मम्मीला म्हटलं, चल, जळगावला सिव्हिलला जाऊ, कुणाला कळणार नाही. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझ्या पप्पांना खोटं पाडू नकोस."

त्याच जळगावच्या सिव्हिलमधून तुम्ही वस्तीसाठी गोळ्या आणायचात. हे मला समजत नव्हतं आणि आजही समजत नाही. महारोग्यांच्या गोळ्यांची पाकिटं तुमच्या सायकलच्या पिशवीत, बायबलच्या शेजारी असायची. एखाद्यानं गोळी चुकवली तर तुम्ही त्याला दम द्यायचात, "देवानं डॉक्टर कशाला केले रे मग?" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. परक्याच्या देहावर तुमचा देव डॉक्टरच्या हातानं काम करायचा. घरातल्या बाईच्या देहावर मात्र त्याला एकट्यानं करून दाखवायचं होतं. का? वस्तीतल्या माणसांनी कधी माईकवर साक्ष दिली नव्हती म्हणून?

पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्या दिवशी, तुम्ही वस्तीवर महारोग्यांचे पाय धुवायला निघालात. एप्रिलचं ऊन, भुसावळचं, आणि मम्मी घरात मोजे घालून वावरत होती. तिनंच तुमच्या पिशवीत टॉवेल घडी करून ठेवला. तुम्ही गेल्यावर मी जबरदस्तीनं तिचा मोजा ओढला. अंगठा काळा पडला होता. तिला दुखतच नव्हतं. "बघ, दुखत नाही," ती म्हणाली, आणि त्यातही तिला देवाची कृपा दिसत होती. मी रिक्षा आणली. डॉक्टर तिच्यावर नाही, माझ्यावर ओरडले, "आजवर काय करत होतात तुम्ही लोक?" पाय कापला, तरी विष वर चढत राहिलं. आणि कबरीवर तुम्ही मंडळीला काय सांगितलंत? "प्रभूनं तिला पूर्ण बरं केलं, स्वतःजवळ घेऊन." साक्ष तुम्ही तिथेही खोटी पडू दिली नाहीत. लोक आमेन म्हणाले. कबरीत टाकायला तुम्ही पुढे केलेली माती मी त्या दिवशी तुमच्या हातातून घेतली नाही, आणि तुम्ही मरेपर्यंत आपण दोघं पावसापाण्याचंच बोललो.

तर परवा त्या खोलीत मी उभी राहिले. समोर चाळीसेक माणसं, बरीचशी म्हातारी, बोटं झडलेली. मी ठरवून गेले होते आणि ठरवल्याप्रमाणे बोलले. माझी आई बरी झाली नव्हती, म्हटलं. तिची साक्ष खरी नव्हती, ती माझ्या वडिलांनी सांभाळली आणि आई मेली. कुणी उठून गेलं नाही. पुढे बसलेली अक्का, साक्रीकडून आलेली, वस्तीतली सगळ्यांत जुनी बाई, शांतपणे म्हणाली, "आम्हले ठाऊक व्हतं, माय. बठ्ठासले ठाऊक व्हतं."

"सगळ्यांना? काय ठाऊक होतं?"

"आम्ही काय नुसती प्रार्थना करीसन बरा व्हयनूत? गोळ्या खाईसन बरा व्हयनूत. आम्हले नई समजाव का?"

"मग त्यांना बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला होता. तुमच्यावरचा राग त्या लोकांवर निघत होता आणि मला तो आवरायचाही नव्हता.

अक्कानं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "माय, तो आमना घर जेवे. बठ्ठा गावमा कोनीच जेवे नई. त्याले कसं बोलवानं?"

त्यांच्या ताटात जेवणारे तुम्ही एकटेच होतात, म्हणून तुमची चूक तुम्हाला सांगू शकणारी एवढी माणसं गप्प राहिली. तुम्ही तुमच्या उपकारांची परतफेड कधी मागितली नाहीत, तरी ते फेडले गेले, आणि मम्मीच्या जिवावर फेडले गेले. हे तुम्हाला कळलं होतं का, ते मला विचारायचं आहे. विचारायला तुम्ही नाही. असता, तरी मायेनं काहीतरी उलट विचारलं असतंत. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. फोटो त्यांनी लावला. लावू दिला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. निघताना अक्कानं वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पुढे केली. भाकरी तिच्याच हातची होती. त्या हातांना बोटं किती उरली आहेत ते मला दिसलं. आजार केव्हाच गेलेला आहे, मला माहीत आहे. मी वर्गात पोरांना हे शिकवते. मी म्हणाले, "अक्का, आज माझा उपवास आहे." तिनं ताट उचललं. धुळ्याला घरी परतताना एसटी पारोळ्याला थांबली तेव्हा मी उतरून दोन समोसे खाल्ले.