तेरा जणींची नखं

४ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वयाने मी दीड वर्षाने मोठी, पण तू माझ्या दादाच्या गळ्यात माळ घातलीस आणि नमस्कार लिहायची पाळी माझ्यावर आली. केला आहे, मुकाट्याने घे.

बातमी मोठी आहे, म्हणून बारीकसारीक आधी उरकते. तलावाच्या काठाला नवी हिरवी फरशी बसवली आहे. दिसायला छान आहे, पण दिवसातून दोघी-तिघी तरी घसरतात. क्लोरीनने माझे केस झाडूच्या काड्यांसारखे झाले आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा ती जास्त कुरकुरते. तुमच्या मुलाचा फोटो तिने आरशाच्या कोपऱ्यात खोचलाय आणि येईल त्याला सांगते, की नाक आमच्याकडचं आहे.

आता ऐक. या वेळची वॉटर पोलोची आंतरराष्ट्रीय स्पर्धा तिकडे परदेशात, तुमच्याच गावात आहे. पुढल्या महिन्याच्या मध्यावर मी तेरा मुलींना घेऊन येते आहे. नऊ वर्षांनी तुला बघणार, वहिनी. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं, मग परत उचललं.

काळजीही सांगते. आपला संघ तू आणि मी पाण्यात होतो तेव्हापासून बाहेर जेवढे सामने खेळला तेवढे हरला. एक बरोबरीत सुटला, तोही समोरच्या निम्म्या जणींची पोटं बिघडली होती म्हणून. आपल्या मंडळाच्या चिटणीससाहेबांना हा सगळा इतिहास तोंडपाठ आहे, मुलींचं मात्र एकीचंही नाव त्यांना येत नाही. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की या वेळी एक तरी सामना जिंका, नाहीतर महिलांचा संघ गुंडाळून तलावाची वेळ पुरुषांना देऊ. मी हो म्हणून आले. दुसरं काय म्हणणार होते?

मला झोपायला जमिनीवर गादी चालेल. मुली हॉटेलात राहतील, मी एक रात्र तरी पळून तुमच्याकडे येईन.

लोभ आहेच, तो आपल्यावर बसलेल्या गोलांसारखा वाढत राहावा.

तुझी,
वन्सं

*

१५ मार्च

वन्संस,
अनेक उत्तम आशीर्वाद. नात्याने मोठी असल्याचा हक्क मी सोडत नसते.

तुझं पत्र दुकानात वाचलं. समोर एक आजोबा नाकावर नवी फ्रेम घालून बसले होते. मी त्यांना विसरलेच. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, की चष्मा माझा बसवताय की तुमचा पुसताय. मी खरंच स्वतःचा काढून पुसत होते.

तुझ्या दादाची तऱ्हा सांगते. गोदीतून जहाजाचं वेल्डिंग करून दमून आला, पत्र वाचलं आणि जेवायच्या आधी गादी गच्चीवर नेऊन उन्हात टाकली. संध्याकाळचं ऊन ते केवढं. मी म्हटलं, अहो, अजून महिना आहे. तर म्हणतो, गादीला काय कळतं. तेव्हापासून रोज टाकतो आणि रोज उचलतो. मला पाहुणी तू येणार की गादीच, तेच कळेनासं झालंय.

रविवारी मी एकटी जाऊन तलाव बघून आले. मोठा आहे, छताला काचा आहेत, बसायला लाकडी पायऱ्या. दारातून आत गेले आणि तो वास आला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने मला रुमाल दिला आणि म्हणाली, की औषध जरा जास्त पडलंय खरं. मीही मान हलवली.

तू मागे विचारलं होतंस, मी तिथे पोहायला का जात नाही. आधी मूल लहान होतं, मग नोकरी आली, मग वाटलं आता कशाला. पण ते काही खरं कारण नाही. गोलपाशी उभं राहून पाय रवीसारखे घुसळत असताना मला समोर तुम्हा सहा जणींच्या पाठी दिसायच्या. मला पोहायचं नाहीये गं. मला त्या पाठी समोर हव्या आहेत. तेवढं सोडून इथे सगळं मिळतं.

आपला पहिला सामना आठवतो? पाण्यातल्या झटापटीत कोणाला ओरखडा नको म्हणून पंचाने सगळ्यांची नखं तपासली आणि माझी वाढलेली निघाली. राष्ट्रीय संघावर पहिला आंतरराष्ट्रीय गोल बसला तेव्हा संघाची गोलकीपर बाकावर बसून दातांनी नखं कुरतडत होती. पुढचे वीस मग मी स्वतः पाण्यात उतरून खाल्ले. तेव्हा तुम्ही माझं नाव भिंत ठेवलंत. आणि तेव्हापासून तू न्हाव्यासारखी नेलकटर घेऊन मुलींच्या मागे असतेस, हे मला इथे बसून माहीत आहे.

लवकर ये. लोभ गादीसारखा उन्हात टाकून ठेवला आहे, तो उबदार असो.

तुझी,
वहिनी

*

२९ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाला गादी आत घ्यायला सांग. मी येत नाही.

मंडळाची बैठक झाली. चिटणीससाहेबांचं म्हणणं पडलं, की इतकी वर्षं एकही सामना न जिंकलेल्या प्रशिक्षकाकडून याच वेळी चमत्काराची अपेक्षा का करावी. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. पुरुषांच्या संघाचे सर आता मुलींना घेऊन येतील. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत आहे. वाईट असते तर मला मनसोक्त रागावता आलं असतं. त्यांनी माझ्याकडे येऊन प्रत्येकीबद्दल विचारलं आणि मी सगळं सांगितलं. कोणाचा डावा खांदा दुखतो, कोणाला ओरडलेलं चालत नाही, सगळं.

मुली म्हणाल्या, ताई नाही तर आम्हीही जात नाही. मी त्यांना असं काही झापलं की पहारेकरी दारात येऊन उभा राहिला. नंतर कपडे बदलायच्या खोलीत दार लावून बसले. मला आता नवशिक्यांचा वर्ग दिला आहे. काठ धरून पाय मारायला शिकवते.

तुझ्याकडे दोन मागण्या आहेत. एक म्हणजे चारही सामन्यांना जा आणि बघ. तुझे डोळे माझेच आहेत, चष्म्याचा नंबर वेगळा असला तरी. दुसरं, पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलवर जाऊन मुलींची नखं काप. सरांना मी सांगितलंय, की आमच्या वहिनी येतील. हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. त्या एकमेकींची कापतात तेव्हा कोपरे तसेच राहतात.

निकाल मात्र फोनवर सांगू नकोस. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला बोलता येत नाही, तू हॅलो हॅलो करत बसतेस आणि मी भिंतीकडे बघत उभी राहते. पत्रात लिही. मंडळाच्या कार्यालयाकडे मी फिरकणार नाही, आणि आपला निकाल वर्तमानपत्रात येत नाही ही एक सोयच आहे.

वहिनी, मला संघाचं वाईट वाटतं, पण त्याहून जास्त तुझं घर बघायचं राहिलं याचं वाटतं. कोणाला सांगू नकोस.

लोभ आहे, तो तरी मंडळाने काढून घेऊ नये.

तुझी,
वन्सं

*

२४ एप्रिल

वन्संस,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला, कारण मला सणकून सर्दी झाली होती. ती कशाने झाली ते शेवटी सांगते. मधली पानं उलटायची नाहीत, मी तुला ओळखते.

आदल्या संध्याकाळी हॉटेलवर गेले. वरच्या मजल्यावर एका खोलीत तेराही जणी दाटीवाटीने बसलेल्या, कोणी पलंगावर, कोणी खिडकीच्या कठड्यावर. मी नेलकटर काढलं तसा पहिलीने हात पुढे केला. दहाही नखं नीट कापली, कोपरे घासले. तरी ती हात मागे घेईना. मला वाटलं काही राहिलं. पुन्हा बघितलं, काही नव्हतं. शेवटी तुमची गोलकीपर, सगळ्या जिला चिमणी म्हणतात ती, हळूच म्हणाली, की ताई शेवटी आमची बोटं स्वतःच्या गालावरून फिरवून बघते.

हे तू मला कधी लिहिलं नाहीस. इतकी वर्षं पत्रं लिहितेस, आईच्या गुडघ्यांचं लिहितेस, आणि हे नाही.

मी गाल पुढे केला. एकेक जणी येऊन नखं कापून, बोटं फिरवून गेली. काही हात गार होते, काहींना साबणाचा वास होता. चिमणीचं एक नख लागलं, ते परत घासलं. तेराव्या मुलीपर्यंत पोचले तेव्हा मला काही दिसत नव्हतं, तिची नखं मी अंदाजाने कापली. घरी गेल्यावर तुझ्या दादाने विचारलं, की गालाला काय झालं. मी म्हटलं, तुमच्या बहिणीला विचारा.

पहिले तीन सामने हरलो. पहिला वाईट हरलो, दुसरा बरा, तिसऱ्यात शेवटपर्यंत अंगावर काटा होता आणि एका गोलाने गेला. प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी मी जाऊन नखं बघून येत होते. तिसऱ्यानंतर मुली जेवत नव्हत्या. सर प्रत्येकीच्या ताटाशी जाऊन बसले. तुझं खरं आहे, माणूस वाईट नाही.

चौथा सामना शेवटच्या दोन संघांमधला. समोरच्या मुलींचे खांदे आपल्यापेक्षा रुंद होते. तू शिकवलेलं ते, एकीने पुढे झेपावायचं आणि दुसरीने तिची जागा लगेच भरायची, ते मी डोळ्यांनी बघितलं. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा आपले गोल सात, त्यांचे सहा. आणि पंचाने त्यांना पेनल्टी दिली. शेजारी बसलेल्या तुझ्या दादाने माझा हात असा दाबला की बांगडी वाकली. चिमणी कमरेपर्यंत पाण्याबाहेर आली. चेंडू तिच्या बोटांच्या टोकांना लागला, खांबावर आदळला आणि बाहेर गेला. नुसत्या टोकांना, वन्सं.

आपण जिंकलो.

दोन ओळी सोडून लिहिते, म्हणजे तुला उठून फिरून येता येईल.


आता सर्दीचं. जिंकलेला संघ आपल्या प्रशिक्षकाला पाण्यात ढकलतो, हे आपण नेहमी दुसऱ्यांचं बघत आलो. सरांना ते माहीत होतं. त्यांनी घड्याळ काढलं, बूट काढले, खिशातलं बाकावर ठेवलं आणि हसत उभे राहिले. मुली पाण्याबाहेर आल्या, त्यांच्यासमोरून पुढे गेल्या आणि ओल्या पायांनी पायऱ्या चढून माझ्याकडे आल्या. चिमणी म्हणाली, की ताई नाही, तेव्हा तिच्या घरचं कोणीतरी हवं. तुझ्या भावाने मला वाचवलं नाही. माझी पर्स धरली आणि हसता हसता डोळे पुसत बसला. मला चष्म्यासकट पाण्यात टाकलं.

नऊ वर्षांनी गं. खाली गेले, वर आले, आणि पाय आपोआप घुसळायला लागले. मी गोलच्या जवळच पडले होते. तेराही जणी माझ्यामागून उड्या मारून ओरडत दुसऱ्या टोकाकडे निघाल्या, आणि मला त्यांच्या पाठी दिसल्या.

सरांनी बूट परत घातले आणि मला टॉवेल आणून दिला. त्यांना वाईट वाटलं असेल, पण त्यांनी ते दाखवलं नाही. मुली इथून परस्पर पुढच्या देशात सरावाला गेल्या आहेत, म्हणून हे तुला माझ्याकडूनच कळतंय.

लोभ ओला आहे, वाळायच्या आत उत्तर पाठव.

तुझी,
वहिनी

*

६ मे

सौ. वहिनी ऊर्फ भिंत हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तलावाच्या काठावर उभ्याने वाचलं. तू सोडलेल्या दोन ओळींत मी तलावाला एक फेरी मारून आले. हिरव्या फरशीवर घसरले नाही.

आनंद झाला. आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम झालं आणि दोन्ही खरं आहे, तुझ्यापासून काय लपवायचं. जिंकले या रकान्यात इतकी वर्षं शून्य होतं, आता एक आहे, आणि त्याच्यासमोर नाव सरांचं लागेल. लागू दे. चेंडू कोणाच्या बोटांना लागला ते मला कळलं.

गालाचं तुला लिहिलं नाही, कारण मला त्याची लाज वाटायची. क्लोरीनने माझ्या बोटांची सालं निघाली आहेत, नख टोचतं की नाही ते बोटांना कळत नाही. म्हणून एकदा गाल लावून बघितला, मग सवय पडली. वर्षातून चार-पाच वेळा कोणीतरी माझ्या गालावरून हात फिरवतं, ते मला सोडवेना. एवढंच आहे.

चिटणीससाहेबांनी बोलावलं होतं. आता जायला हरकत नव्हती, म्हणून गेले. संघ राहिला. सरही राहिले, पुढची दोन वर्षं तरी. मला चहा दिला आणि म्हणाले, की नवशिक्यांचं तुम्ही छान चालवलंय. मी चहा पिऊन आले.

तुला हसू येईल असं एक सांगते. तिथून परतल्यावर मी तलावावर गेले, घड्याळ काढलं, चपला काढल्या आणि पाण्याकडे पाठ करून काठावर उभी राहिले. पोरं काठ धरून पाय मारत होती, कोणाचं लक्ष नव्हतं. स्वतःहून उडी मारणं सोपं होतं, पण ते नको होतं. थोडा वेळ उभी राहिले आणि चपला घालून वर्ग पुढे घेतला. मुली गुरुवारी परत येतील. त्यांना मी काही सांगणार नाही, बघू त्यांच्या लक्षात येतं का.

पण मला ढकलायचा पहिला मान तुझा आहे. दादाला रजा कधी मिळेल, तिकिटं कधी निघतील, कशाचाच पत्ता नाही, हे मला कळतं. तरी काल आईच्या खोलीतली गादी काढून गॅलरीत उन्हात टाकली आहे. आई म्हणाली, कोण येतंय. मी म्हटलं, गादीला काय कळतं.

वहिनी, येशील तेव्हा नखं कापून येऊ नकोस. वाढू दे. मी कापीन.

तुझी वाट पाहणारी,
वन्सं