सिमेंटच्या माशाच्या पोटात

आई,

खालापूरजवळच्या त्या बागेविषयी आपण दोघी नंतर कधी नीट बोललोच नाही. तू ती गोष्ट चारचौघांत सांगायचीस, हसत सांगायचीस, आणि मी उठून आत निघून जायचे. तुला वाटायचं, तेच तेच ऐकून मला कंटाळा आलाय. तुला जाऊनही आता किती वर्षं झाली. तेव्हा तुझं जे वय होतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट माझं होत आलंय. तरी उन्हाळ्यात एखाद्या झाडाखाली बारीक गुणगुण ऐकू आली की माझे तळहात अजून थंड पडतात. म्हणून आज ते सगळं पहिल्यापासून लिहायला बसलेय.

ती बाग नुकतीच सुरू झाली होती. मोहोपाड्याच्या आपल्या कॉलनीतली साहेब मंडळी रविवारी आपापल्या गाड्यांतून तिथे जाऊन यायची आणि सोमवारी त्यांची मुलं शाळेत पाळण्याच्या, होडीच्या, सिमेंटच्या भल्यामोठ्या माशाच्या गोष्टी सांगायची. समुद्राचा थेंब नसलेल्या त्या माळावर मालकाने सगळा समुद्रच उभा केला होता म्हणे. मगर, कासव, आठ पायांचा तो प्राणी आणि तोंडातून शिरून शेपटीतून बाहेर पडता येईल एवढा मासा. आपल्या धाकट्या बाबूने हट्ट धरला. तो तेव्हा चार वर्षांचा, कुणाचं म्हणजे कुणाचं न ऐकणारा. आपल्याकडे बाबांची सायकल सोडली तर दुसरं वाहन नाही, त्यामुळे एका दिवसात एसटीने जाऊन येणं अवघडच. तूच म्हणालीस, "राहूया की दोन रात्री. मला शाळेला सुट्टीच आहे." बाबा हसले. त्यांना कळलं होतं, तुला पाळण्यात बसायचं नव्हतं. तुला तिथल्या पहाटेचे पक्षी हवे होते.

चौक गावाला एसटी बदलून आपण फाट्यावर उतरलो आणि चालायला लागलो. बाबांच्या डोक्यावर वळकटी, हातात पिशवी, बाबू माझ्या हाताला, आणि तुझ्या गळ्यात ती एका डोळ्याने धुरकट दिसणारी दुर्बीण. शेजारून ट्रक असे जातायत की अंगावरचा फ्रॉक उडतोय. आणि तू मध्येच हात वर करून म्हणतेस, "थांबा! हलू नका कुणी." तारेवर नीलपंख बसलाय. तो उडाला की पंखांची निळाई दिसेल म्हणून तू रस्त्याच्या कडेला तशीच उभी. मी बाबूचं मनगट इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला. तुला ते ऐकू आलं नाही. तुला कधी सांगितलं नाही, पण तू दुर्बीण डोळ्यांना लावलीस की मला धस्स व्हायचं. तू तिथेच असायचीस, हाताच्या अंतरावर, आणि तरी मला वाटायचं की आता काही झालं तर हिला कळणार नाही.

बागेत पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. त्यातल्या शेवटच्या खोलीत आपण सामान टाकलं. मागे उंच खांबांवर पाण्याची टाकी, आणि टाकीच्या तळाला ओल्या गोणपाटांसारखं काहीतरी काळं लोंबत होतं. ते हलतंय असं वाटलं म्हणून मी बाबांच्या मागे सरकले. झाडांना पाणी घालणारा माणूस तिथेच होता. तुला म्हणाला, "आग्या मोहोळ हाय त्यो, बाई. दरसाली बसतात. कुनाला काय करत नाय." तू मान वर करून टाकीकडे बघत राहिलीस, आणि तेवढ्यात टाकीवरून एक मोठा पक्षी संथ गिरकी घेत गेला. तुझा चेहरा एकदम उजळला. "अगं, ही साधी घार नाही. मान बघ, कबुतरासारखी बारीक. मोहोळ घार आहे!" मग संध्याकाळभर तू मला समजावत होतीस की तिला मध नको असतो, पोळ्यातल्या अळ्या हव्या असतात.

"तिला माश्या चावत नाहीत?" मी विचारलं.

"चावतात की. पण तिच्या तोंडावर खवल्यांसारखी दाट पिसं असतात."

"आणि आपल्याला?"

तू हसलीस. "आपण कुठे पोळं खायला जातोय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत बरीच गर्दी झाली. फाटकाशी एक पांढरी गाडी उभी होती, तिच्यातून उतरलेली मुलं सगळीकडे धावत होती. बाबू त्या आठ पायांच्या घसरगुंडीवर, मी माशाच्या पोटात, बाबा चहा आणायला गेलेले. तू दोघांच्या मधोमध एका बाकावर बसली होतीस, दुर्बीण टाकीकडे लावून. माशाच्या तोंडाला पांढरे दात रंगवले होते, त्या दातांमधून तू मला दिसत होतीस. आत सिमेंट तापलं होतं, ओल्या चुन्यासारखा वास येत होता. माझ्याबरोबर लाल रिबिनी बांधलेली एक मुलगी होती. ती सारखी आत-बाहेर करत होती.

मोहोळ घार आली ती मला दिसली नाही. मला तुझी पाठ ताठ झालेली दिसली. मग टाकीखालून एक काळा तुकडा धपकन पडला, आणि ती गोणपाटं सुटली. दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. ती जागची सुटली आणि हवेत पसरली, आणि आवाज आला. सुरुवातीला लांबून टेंपो येतोय असं वाटलं, नंतर तो आवाज डोक्याच्या आतच घुमायला लागला. तू दुर्बीण खाली टाकलीस. आधी माझ्याकडे बघितलंस. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय, तू आधी माझ्याकडे बघितलंस. मग बाबूकडे. आणि तू त्याच्याकडे धावलीस.

धावतानाच तू पदर सोडत होतीस. घसरगुंडीच्या पायथ्याशी तू त्याला पकडलंस, साडीत गुंडाळलंस आणि जमिनीवर पालथी पडलीस, तो खाली आणि तू वर. मान वळवून तू माझ्या दिशेने काहीतरी ओरडलीस. तुझं तोंड उघडलेलं मला दिसलं. मग माश्यांमुळे तूही दिसेनाशी झालीस. रिबिनीवाली मुलगी किंचाळत बाहेर पळाली आणि त्या तिच्यामागे गेल्या. चहा तिथेच टाकून बाबा गाडीकडे धावले. त्यांना वाटलं असेल, तुम्हाला दोघांना उचलून तिथे आत टाकावं. गाडीवाल्यांची मुलं आत शिरली होती, काचा वर झाल्या होत्या. बाबा काचेवर दोन्ही हातांनी मारत होते, "उघडा हो! लहान मूल आहे, उघडा!" आतली बाई त्यांच्याकडे बघत होती आणि मान हलवत होती. मग गाडी सुरू झाली आणि निघून गेली.

मी फ्रॉक डोक्यावरून ओढून घेतला. एक माशी कानाला चावली, एक मानेला. पाठीमागच्या सिमेंटवर त्या आपटत होत्या, कुणी बारीक खडे मारावेत तशा. थोड्या वेळाने आत धूर यायला लागला. त्या माळ्याने ओला पेंढा पेटवला होता, पण मला ते कुठे ठाऊक? मला वाटलं आता आगही लागली. बाहेरून बाबांची हाक आली, पुन्हा आली, आणि माझ्या तोंडून ओ निघेना. शेवटी ते रांगत आत आले आणि त्यांनी मला पायाला धरून ओढून काढलं.

तू उताणी पडली होतीस. साडीवरून मला कळलं की ती तू आहेस. चेहरा तुझा नव्हता. डोळ्यांच्या जागी दोन फटी, ओठ उलटलेले, आणि केसांत अजून माश्या वळवळत होत्या. बाबूला एकही डंख नव्हता. तो तुझ्या वजनाखाली दबला म्हणून भोकाड पसरून रडत होता. सोड्याच्या दुकानाला बर्फ घेऊन आलेला टेंपो फाटकाशी थांबलेला होता. त्यातच तुला आणि त्या रिबिनीवाल्या मुलीला भुश्यातल्या लाद्यांशेजारी निजवलं. ड्रायव्हर बाबांना म्हणाला, "बरफ लावा रं तोंडाला, गप काय बसलाव? आन बोलत ऱ्हावा त्यांच्याशी." तुझा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी ती शिट्टी ऐकत बसले. ती मध्येच थांबायची आणि माझं सगळं अंग थांबायचं. बाबा म्हणत होते, "अगं, बोल ना. काहीतरी बोल." खूप वेळाने तू म्हणालीस, "दुर्बीण घेतली का?" बाबा तिथे रडले. बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला खात्रीच पटली की तू मरणार.

खालापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुला लगेच इंजेक्शन दिलं. मग नर्सबाई चिमटा घेऊन काटे काढत बसल्या. ती मुलगीही वाचली, तिची आई तिच्या उशाशी बसून राहिली होती. संध्याकाळपर्यंत तुझा श्वास मोकळा झाला. बाबा बाबूला घेऊन बाहेर गेले होते. मी तुझ्या खाटेपासून जरा लांब उभी होते, कारण तो चेहरा अजून तुझा झाला नव्हता. पण आवाज तुझा होता. तू म्हणालीस, "ये इकडे." मी आले नाही. मी विचारलं, "तू त्याच्याकडे का गेलीस?"

तुला बोलायला त्रास होत होता. "तू ऐकतेस गं," तू म्हणालीस. "तो नाही ऐकत. तुला ओरडून सांगितलं ना मी, आत बस, हलू नको? बसलीस ना? म्हणून मी त्याच्याकडे जाऊ शकले." मी मान डोलावली. तू हात पुढे केलास, तो सुजून जाड झाला होता. मी त्याला बोट लावलं.

बाबा त्या गाडीवाल्यांना कितीतरी वर्षं शिव्या देत राहिले. तू मात्र एकदा शांतपणे म्हणालीस, "त्यांची मुलं आत होती. मीही काच खाली केली नसती." त्या वाक्याचीही मला भीती वाटली होती. आणि तू काही थांबली नाहीस. सूज उतरली, आणि पुढच्याच रविवारी तू दुर्बीण घेऊन पाताळगंगेच्या काठाला गेलीस. तू परत येईपर्यंत मी क्वार्टरच्या पायरीवर बसून राहायचे. प्रत्येक रविवारी. तुला वाटायचं, मला तुझी वाट बघायला आवडतं.

ती गोष्ट तू सगळ्यांना सांगितलीस. तू शिकवायचीस त्या शाळेतल्या बाईंना, आत्याला, माझ्या सासरच्यांना. "एवढीशी होती, पण सांगितलं तिथेच बसून राहिली. म्हणून दोन्ही मुलं वाचली माझी." त्या भरवशावर तू मला एकटीला हॉस्टेलला पाठवलंस, बाबांच्या आजारपणात घर माझ्यावर सोडलंस, आणि शेवटी अंथरुणावरून बाबूचा हातही माझ्याच हातात दिलास. "तू ऐकतेस," तेव्हाही हेच म्हणालीस.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. आई, त्या आवाजात मला तुझा एकही शब्द ऐकू आला नव्हता. फक्त तुझं उघडलेलं तोंड दिसलं, आणि मला वाटलं, तू मला बोलावते आहेस. मी तुझ्याकडे यायलाच निघाले होते. पाय हलले नाहीत, एवढंच.