पाण्यावरची मान

ता. ४ मार्च

चि. टिटवीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या आईने वाचून दाखवलं. सोबतचं चित्र मात्र मी माझं मीच वाचलं. बाई गं, पाणकावळा म्हणून तू बदक काढलंयस! तेही खाऊनपिऊन सुखी. तळ्यावर लावायचा हा फलक जमला तर पाट्या रंगवणाऱ्या तुझ्या रंगशाळेचे मालक तुला नोकरीत कायम करणार, आणि तू त्यावर बदक बसवणार?

चाळीस वर्षं त्या तळ्याकाठी जाळी सांधली मी. पाणकावळा माझ्यासमोर जेवलाय. त्याची पिसं भिजतात, म्हणून तो पाण्यावर नाही, पाण्यात बसतो. अंग खाली, मान तेवढी वर, चोच किंचित आभाळाकडे. चोचीच्या टोकाला आकडा काढ, निसटता मासा धरायला. बुडी इथे मारतो, निघतो भलतीकडेच. मासा उडवून डोक्याकडून गिळतो, नाहीतर माशाचे पर घशात अडकतील. मग खुंटावर पंख पसरून उन्हात बसतो, तुझ्या आजोबांच्या वाळत घातलेल्या कोटासारखा.

मालकांना पटलं नाही तर त्यांना तळ्यावर ने. पक्ष्याने बुडी मारली की श्वास धरायला सांग. आपोआप गप्प बसतील. (हे लिहायला तुझी आई तयार नव्हती. लिहायला लावलं.)

माझ्यावर जीव आहेच तुझा, आता जरा पक्ष्यावर डोळे लाव.

तुझी आजी

ता. ११ मार्च

ती. आजीस टिटवीचा शि. सा. न. वि. वि.

चित्र पुन्हा काढलं. मालक भडकलेच. म्हणाले, हा पक्षी बुडतोय, लोक वाचवायला धावतील. शनिवारपर्यंत बदल, नाहीतर दुसरं काम शोध. मी चित्राला हात लावला नाही. सकाळीच त्यांना तळ्यावर नेलं आणि श्वास धरायला सांगितला. पक्षी वर येईना, मालकांचा चेहरा टोमॅटोसारखा! शेवटी भलतीकडेच मान निघाली, चोचीत मासा. परतताना वाटभर ते धापा टाकत होते. रंगशाळेत शिरल्यावर एवढंच म्हणाले की चोचीचा आकडा जरा ठळक कर, आणि सोमवारपासून तू कायम.

फलकाच्या कोपऱ्यात माझी सही येईल. शेजारी तुझीही हवी. अंगठा चालणार नाही हं आजी, स्वतःच्या हाताने काहीतरी काढून पाठव.

आईला नमस्कार. तुझी माया आणि तुझी टोचणी, दोन्ही असू दे.

तुझी टिटवी

ता. १६ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

कायम झालीस, यात मला नवल नाही. मालकांना चहा पाज, छाती दुखत असेल.

या वयात मला पेन धरायला लावलंस. तीन कागद वाया घालवले. नाव कुठून येणार? जे पाहिलं तेच काढलं: वळलेली मान, आणि खाली पाण्यात लपलेलं अंग. तुझी आई बघून हसतच सुटली. म्हणाली, आई, हा तर दोनचा आकडा झाला. मला आजवर चोचीचाच आकडा ठाऊक होता, आता हाही आला. एकाचं काय ते सवडीने बघू.

हेच रंगव. कुणी विचारलं दोन कशाला, तर सांग: बघणारी एक, काढणारी एक.

लोभ कायम झालाय, तुझ्या नोकरीसारखा. सही माझी मीच करते.

२