‘बरा’ हा शेरा खोडून मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षकसाहेब,
रणमलजी धर्मादाय इस्पितळ, मुंबई.

अर्जदार : जनी काशीराम घरत, मु. सुकापूर, ता. पनवेल, जि. कुलाबा.

विषय : मुलगा विठू, वय पाच, याची राहिलेली दुसरी शस्त्रक्रिया होणेबाबत.
संदर्भ : आपल्या इस्पितळाचा घरी सोडल्याचा कागद, दि. १२ मार्च १९५७.

महोदय,

अर्जदार जनी ही मिठागरावर काम करणारी बाई असून तिला लिहिता येत नाही. तिने पनवेलच्या कचेरीबाहेर बसून सांगितले, ते अर्जलेखक दाजी म्हात्रे याने लिहिले आहे.

१. विठूच्या लघवीचे छिद्र जन्मापासून टोकाला नसून खालच्या अंगाला होते व इंद्रिय वाकलेले होते. सासू हौसा हिचे म्हणणे, देवाने दिले तसे राहू द्यावे, पोराला सुरी लावू नये. जनीने घरचा रोष पत्करून मूल आपल्या इस्पितळात आणले. तेव्हाच्या डॉक्टरसाहेबांनी चित्र काढून समजावले की हे काम दोन खेपांचे आहे. पहिल्या खेपेस वाक काढायचा, त्यात छिद्र आणखी मागे जाईल, घाबरू नये. वर्षाने दुसऱ्या खेपेस कातडीची नळी करून ते टोकाला आणायचे. शाळेत जाण्याआधी विठू चार पोरांसारखा उभ्याने लघवी करील, असा शब्द त्यांनी दिला. त्या शब्दावर जनीने मूल त्यांच्या हाती सोपवले.

२. पहिली खेप पार पडली. घरी सोडण्याच्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी येऊन विचारले, “काय जनीबाई, बरा आहे ना विठू?” जनी म्हणाली, “बरा हाय, सायेब.” आता महोदयांनीच विचार करावा. कोणी खुशाली पुसली तर माणूस दुसरे काय म्हणतो? अंगात ताप फणफणत असला तरी बरा आहे असेच म्हणतो. शेजारी उभ्या कारकुनाने मात्र कागदावर ‘बरा’ असे लिहिले आणि खाली जनीचा अंगठा घेतला. कागद तिला कोणी वाचून दाखवला नाही.

३. वर्षाने ती मुलाला घेऊन आली तेव्हा डॉक्टरसाहेब नोकरी सोडून गेले होते. जाताना दुसऱ्या खेपेबद्दल एक ओळ लिहून ठेवण्यास त्यांना सवड झाली नाही. कारकून म्हणाला, रोगी बरा झालेला आहे, बऱ्या मुलाला खाट देता येत नाही. मग नवीन रोगी म्हणून घ्या, असे जनीने विनवले. त्यावर उत्तर मिळाले की या व्यंगाच्या नवीन रोग्यापुढे ‘जन्मजात’ असे लिहावे लागते, आणि हे छिद्र जन्माच्या जागी नाही, शस्त्रक्रियेने मागे गेले आहे. सबब ज्या इस्पितळाने ती केली तेथला कागद आणावा. ते इस्पितळ हेच. तो कागद हाच. त्यावर ‘बरा’.

४. गेल्या महिन्यात सातवा हेलपाटा घातला तेव्हा सांगण्यात आले की मुलगा बरा नाही असा पोलीस पाटलाचा दाखला, दोन पंचांच्या सह्यांनिशी, आणावा. म्हणजे विठूला चावडीवर उभे करून गावाने पाहायचे. जनीने साफ नकार दिला. पाच वर्षांचा असला तरी त्याला लाज आहे. आता त्याला बसूनही लघवी नीट होत नाही, दोन्ही मांड्या भिजतात. म्हणून तो पोरांत खेळत नाही आणि तहान लागली तरी पाणी पीत नाही. जूनमध्ये त्याचे नाव शाळेत घालायचे आहे. हौसा हल्ली काही बोलत नाही, मुकाट्याने नातवाचे कपडे धुते. तिने चार शब्द सुनावले असते तर जनीला बरे वाटले असते.

५. जनीचे म्हणणे की तिला फसवले. ‘गैरसमज झाला’ असे लिहू या, म्हणून अर्जलेखकाने सुचवले. ती म्हणाली, “गैरसमज नाय दाजी, फसवलं लिवा. मी मानसासारकं बोलले, तर माजाच शबुद माज्या पोरावर उलटवला.” सबब फसवले असेच लिहिले आहे.

तरी महोदयांनी तो शेरा खोडून जूनपूर्वी दुसरी शस्त्रक्रिया करावी. ते इस्पितळास जमणारे नसेल, तर पहिली शस्त्रक्रिया परत घ्यावी, वाक होता तसा करावा, छिद्र जन्मतः होते त्या जागी आणून ठेवावे, आणि मूल जनीने दिले होते तसे तिला परत द्यावे. मग तिची काही तक्रार उरणार नाही.

आपली नम्र,
जनी काशीराम घरत
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

पनवेल, दि. ६ एप्रिल १९५९

सोबत : घरी सोडल्याच्या कागदाची नक्कल. मूळ कागद जनी हातचा सोडीत नाही.