मेन स्विच लावू नको

संघपालदादा,

मेन स्विच मी बंद केला आहे, हात लावू नको. वीज तपासणीवाल्या ज्या बाईले तू काल दारातून हाकललं, तिले मी आज परत बोलावलं. आईच्या उशाशी भिंतीवर आहे तो फ्यूजचा जुना प्लास्टिकचा डबा तिनं उघडला. म्हणे, "सारा डबा पिवळा पडला तर ते वय समजा. पण हा एकाच फ्यूजभोवती तपकिरी झाला, म्हणजे तिथं तापून राहिला." त्या फ्यूजमधून बारीक तारेऐवजी जाड तांब्याची तार निघाली. कूलर लावला की फ्यूज उडते म्हणून तूच घातली होती ना गा? आता तार वितळत नाही, डबा वितळते.

आई महिनाभर सांगून राहिली होती की जळका वास येते. तू म्हणे, म्हातारीले भास होतात.

तिले घेऊन मी कुहीले मावशीकडे चालली. डबा बदलल्याशिवाय फोन करू नको. निघताना आईनं विचारलं, "त्याले माहीत होतं का वं?" उत्तर तू देजो.

दीप्ती