सुळक्यापाशी डावीकडे

दादा,

शिखराची वाट दडवून ठेवणाऱ्यांमुळे आपण दोघं दोनदा अर्ध्यातून परतलो. त्याच रागातून आपण गिर्यारोहण क्लबसाठी वाटेची वही केली. शेवटी शिखर गाठून उतरताना मी सांगत होते, तू लिहीत होतास. "सुळक्यापाशी डावीकडे," मी म्हणाले. तोंड दरीकडे होतं, हे विसरले. चढणाऱ्याला तीच बाजू उजवी.

मागच्या महिन्यात क्लबातल्या डॉक्टरीणबाई वही वाचून डावीकडे वळल्या, सुट्या दगडांवरून घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. अक्षर तुझं, म्हणून सगळे तुलाच हसतात, "दादांना डावं-उजवं कळत नाही!" तू एवढंच म्हणालास, "जाऊ दे गं, लिहिलं मीच ना." आणि क्लबात यायचा बंद झालास.

वहीतली चूक मी त्याच दिवशी खोडली, पण खाली माझं नाव लिहिलं नाही. माहिती सगळ्यांची म्हणत सभा गाजवल्या आणि ही एवढी माहिती दाबून ठेवली. आता लपवून लपवून दमले, दादा. अशी तीन पत्रं खणात पडून आहेत. हेही तिथेच जाईल असं वाटतं, म्हणून आजच टपालात टाकते.

तू समोर असलास की मला लपवता येत नाही. रविवारी सभेला ये आणि पहिल्या रांगेत बस.

तुझी,
बडबडी